लोतेरिआ पाठवतेय

सॅन अँटोनियो, टेक्सास

प्रिय चिंगे,

बंटीने शाळेत स्पॅनिश घेतली हे वाचून मी इथे उडीच मारली. पण शब्द पाठ करताना तो रडकुंडीला येतो म्हणतेस, त्याने जीव कळवळला गं. आमच्याकडेही सुरुवातीला असंच होतं. मी फ्रिजला, आरशाला, दाराला स्पॅनिश शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आठ दिवसांत मुलींना त्या दिसेनाशा झाल्या.

मग एका संध्याकाळी शेजारच्या मेक्सिकन आजी 'लोतेरिआ' घेऊन आल्या. आपली हाउजीच, पण आकड्यांऐवजी चित्रं. एकूण 54 पत्ते, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात 16 चित्रांचा तक्ता. एकाने पत्ता उलटून पुकारायचं, 'एल सोल!' म्हणजे सूर्य, 'ला सांदिआ!' म्हणजे कलिंगड. आपल्या तक्त्यावर ते चित्र असेल तर त्यावर राजम्याचा दाणा ठेवायचा, ओळ भरली की 'लोतेरिआ!' म्हणून ओरडायचं. शब्दाबरोबर पुल्लिंगी 'एल' किंवा स्त्रीलिंगी 'ला' आपोआप तोंडी बसतं, लिंग वेगळं घोकावं लागत नाही. चंद्र 'ला लुना' आहे हे कळल्यावर धाकटी म्हणाली, "म्हणजे आपला चांदोमामा यांच्याकडे मावशी!" तो शब्द ती आजवर विसरलेली नाही. पत्त्यांत एक दारुडा आणि एक सांगाडा आहे; लहानांसाठी मी ते दोन काढून ठेवते.

आकड्यांसाठी काही विकत आणू नकोस. स्पेनमध्ये घरोघरी 'पार्चीस' खेळतात, तो मूळचा आपला पचिसीच. घरातला लुडो काढ आणि त्यांचा नियम लाव: दुसऱ्याची सोंगटी मारली की वीस घरं पुढे, आणि प्रत्येक घर मोठ्याने मोजायचं, उनो, दोस, त्रेस करत थेट वेइन्तेपर्यंत. मारण्याच्या आनंदात मुलं वीस आकडे किती वेळा म्हणतात! सोंगट्यांना हाकही रंगानेच मारायची: रोहो (लाल), वेर्दे (हिरवा), असुल (निळा), आमारिल्यो (पिवळा).

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. बंटीला इंग्रजीतून स्पॅनिशकडे नेऊ नकोस, मराठीतून ने. 'मला आंबा आवडतो' म्हणजे 'मे गुस्ता एल मांगो'. 'मला आंबे आवडतात' म्हणजे 'मे गुस्तान लोस मांगोस'. क्रियापद आपल्यासारखंच आंब्याप्रमाणे बदलतं! इंग्रजीतून आलेली मुलं इथे हमखास अडखळतात, बंटीला ते जन्मापासून येतंय. रोज जेवताना प्रत्येकाने ताटातल्या एका पदार्थाबद्दल हे वाक्य म्हणायचं. कारल्याच्या दिवशी 'नो मे गुस्ता' आपोआप शिकेल. उच्चारांचंही तसंच. त्यांचे त आणि द आपल्यासारखे दातांवरचे, म्हणून 'ताको' म्हणायचं, 'टाको' नाही. शब्द देवनागरीत लिहून दे, पण थोडेच दिवस; त्यांची लिपीही वाचता यायला हवी.

दिवसाला पंधरा मिनिटं पुरे. तो कंटाळायच्या आत तूच खेळ आवर, म्हणजे उद्या तोच मागेल.

डिसेंबरात माझी नणंद पुण्याला येतेय, तिच्याबरोबर लोतेरिआचा डबा पाठवते. राजमा मात्र तुझा. पहिला डाव झाला की बंटीला फोनवर दे, मी इथून पत्ते पुकारीन.

तुझीच,
मनी