‘पुढे न्या’ म्हणण्याआधी एक फोन करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की आमच्या जव्हार-मोखाड्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकतात. डोली, चिखल, ओहोळाच्या कमरभर पाण्यातून चाललेली माणसं. मग पंधरा दिवसांत कुठंतरी नव्या रुग्णवाहिकेपुढं नारळ फुटतो आणि विषय मिटतो. 1992 साली वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं गेली, तेव्हा मी शाळेवर नवा होतो. आता निवृत्त झालो, पण हा क्रम काही बदलला नाही. रस्ता हवा, गाडी हवी, यात वाद नाही. पण गाडीत घातलेल्या मुलाचं पुढं काय होतं, हे फारसं कुणी लिहीत नाही.

गेल्या श्रावणात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं बाळंतपण दिवस भरायच्या आधीच झालं. बाळ 1 किलो 900 ग्रॅमचं. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. सातव्या दिवशी आशाताई झोळीचा काटा घेऊन पाड्यावर आल्या. त्यांनी काटा बाजूला ठेवला आणि आधी बाळाचे तळवे चाचपले, मग पोट. पाय गार आणि पोट गरम असेल तर बाळाला थंडी वाजतेय, पोटही गार लागलं तर धोका, हे मला त्या दिवशी कळलं. पोट गार होतं. थर्मामीटर 35 च्या खाली. आई म्हणत होती, “गुरुजी, कालपासून पोर अंगावर पीत नाही.”

आमच्याकडं रेंज फक्त टाकीजवळच्या माळावर येते. तिथं जाऊन 108 लावला. गाडी तासाभरात आली, चालक भला माणूस, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पहिल्या दवाखान्यात सिस्टरनी बाळाला ऊब दिली, पण बाळाचे डॉक्टर नाहीत म्हणून चिठ्ठी दिली : पुढे न्या. दुसरीकडं काचेच्या पेट्या भरलेल्या. पुन्हा चिठ्ठी. या गाडीची हद्द इथवरच, म्हणून दुसऱ्या गाडीची वाट. मग तोरंगण घाट उतरून-चढून नाशिक. तिथं दारातच विचारलं, “कुठून आलात, आधी कळवलं का नाही?” कुणी कळवायचं होतं? आईनं?

दुपारी बाराला पाडा सोडला, बाळ वॉर्डात गेलं रात्री साडेआठला. यातला प्रत्यक्ष रस्त्यावरचा वेळ तीन तासांहून कमी. उरलेला सगळा केसपेपर, सह्या आणि बाकड्यावर बसण्यात गेला. एवढ्या वेळात बाळ तगलं, कारण आशाताईंनी निघतानाच त्याला आईच्या पोलक्यात, उघड्या छातीशी धरून वरून लुगड्यानं घट्ट बांधलं होतं. डोक्यावर माझी माकडटोपी. वाटेत दर थोड्या वेळानं त्या आत हात घालून पोट बघायच्या.

दवाखान्यांची नावं मुद्दाम देत नाही. नाव दिलं की एखाद्या सिस्टरला नोटीस निघते आणि बाकी होतं तसंच राहतं. तिथं रात्रंदिवस राबणारी माणसं मी पाहिली आहेत.

कागदावर तरतूद कमी नाही. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. आजारी बाळाला घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या दवाखान्यात आणि परत घरी मोफत न्यायचं, असं त्यात आहे. आधी हे महिनाभराच्या बाळापुरतं होतं, पुढं वर्षापर्यंत वाढवलं. 2014 साली राज्यात 108 च्या 937 गाड्या आल्या. त्यातल्या 233 प्रगत, बाकी 704 साध्या. आकडे पाठ झालेत, कारण भाषणात तेच असतात. त्या गाड्यांत दीड-दोन किलोच्या जिवाला बसेल असा ऑक्सिजनचा मास्क किती ठिकाणी आहे, हा आकडा मात्र कुठल्या भाषणात ऐकला नाही.

त्यात आमची आणखी एक गंमत. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, म्हणजे आमचं मुख्यालय समुद्राकडं. पण इथला अत्यवस्थ माणूस जातो उलट्या दिशेला, नाशिकला, दुसऱ्या जिल्ह्यात. तिथल्या वॉर्डात जागा आहे की नाही हे इथल्या डॉक्टरला कळायला काही सोय हवी की नको? आणि दिवाळीनंतर जी कुटुंबं भिवंडी-वसईकडं जगायला जातात, त्यांच्या वीटभट्टीवर जन्मलेल्या बाळाला तर सातव्या दिवशी चाचपणारी आशाताईही नाही. तो विषय वेगळ्या पत्राचा आहे.

सोळा दिवसांनी बाळाला सोडलं. परतीची गाडी उद्या मिळेल म्हणाले. घरी दुसरं लेकरू शेजारणीकडं, भाताची बेणणी खोळंबलेली. नवरा-बायको एसटीनं मोखाड्यापर्यंत आणि पुढं जीपनं आले. तेवीस दिवसांचं बाळ, खिडकीतून पावसाचे शिंतोडे, बसायला जागा कंडक्टरनं करून दिली.

माझी मागणी लहान आहे, इमारत बांधा म्हणत नाही. पुढं पाठवायच्या चिठ्ठीवर तीन रकाने छापा : कुणाशी बोललो, किती वाजता, खाट आहे का. ते भरल्याशिवाय बाळ हलवायचं नाही, आणि फोन लागेपर्यंत त्याला उबेत ठेवायचं. खाट मिळाली की एकाच गाडीनं थेट तिथं न्यायचं, मग जिल्हा कुठलाही असो. गाडीत चालकाशिवाय एक माणूस असा हवा, ज्याला बाळाचं पोट चाचपता येतं.

त्या दिवसाच्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात. दोन्हीवर शिक्का आहे, सही आहे. वेळ एकीवरही नाही.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ता. मोखाडा, जि. पालघर