आजारपणातून उठून कॉलेजात परत येणाऱ्या मुलांसाठी माणसं हवीयत (आणि थोडे पैसे पण)

मंडळी नमस्कार, आपल्या कॉलेजच्या विद्यार्थी सहाय्य केंद्राकडून हे लिहितोय. नवीन टर्म सुरू व्हायच्या आत वाचलंत तर बरं होईल. विषय सरळ आहे, मोठ्या आजारपणातून उठून काही मुलंमुली परत वर्गात येतायत आणि त्यांच्यासाठी हाताशी माणसं कमी पडतायत. पैसे पण कमी आहेत, ते खाली सांगतोच, पण आधी माणसं.

लोकांना वाटतं ट्रीटमेंट संपली, डॉक्टरांनी फिटनेस सर्टिफिकेट दिलं, झालं, सोमवारपासून पोरगं वर्गात. तसं नसतं हो. फिट म्हणजे आता ॲडमिट व्हायची गरज नाही, एवढंच. सलग लेक्चरला बसणं, जिने चढून लॅब गाठणं, त्यात बुडालेल्या टर्मचा बॅकलॉग भरून काढणं ही सगळी पुढची लढाई आणि ती बऱ्याचदा हॉस्पिटलपेक्षा एकटीची असते, कारण तिथे निदान नर्स तरी विचारायला येते. कॅन्सरच्या उपचारानंतरचा थकवा झोप काढली म्हणून जात नाही, महिनोन्महिने राहतो, काहींना वर्षापेक्षा जास्त, आणि बाहेरून काहीच दिसत नाही त्यामुळे 'आता तर एकदम ठणठणीत दिसतोस की' हे रोज ऐकावं लागतं. प्रेमानेच म्हणतात लोक, माहितीये, तरी नका म्हणू.

ब्लड कॅन्सरचंच घ्या. त्यातल्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची ट्रीटमेंट सगळी मिळून साधारण २ ते ३ वर्षं चालते, शेवटचा लांबलचक टप्पा मेंटेनन्सचा असतो म्हणजे मुख्यतः गोळ्या आणि मधूनमधून ब्लड टेस्ट, आणि बरीच मुलं याच टप्प्यात कॉलेजला परत येतात. म्हणजे बाकावर बसलेलं पोरगं अजून पेशंटच आहे, फक्त कपडे बदललेत. व्हिनक्रिस्टिन नावाचं औषध दिलं असेल तर बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, पेन नीट धरता येत नाही. म्हणजे बघा, एवढी केमो सोसून आलेली मुलगी अडकते कुठे, तर जर्नल हाताने उतरवून काढण्यात! स्टेरॉइडने चेहरा सुजतो, आयकार्डवरच्या फोटोशी जुळत नाही, मग गेटवर चौकशी, मग चार लोकांसमोर सगळी कहाणी.

आणि ज्यांच्या केमोच्या सायकल, म्हणजे ठराविक दिवसांनी येणाऱ्या डोसच्या फेऱ्या, अजून चालू आहेत त्यांच्या पांढऱ्या पेशी बऱ्याच औषधांमध्ये डोसनंतर ७ ते १४ दिवसांच्या आसपास सगळ्यात खाली गेलेल्या असतात, तेव्हा खच्चून भरलेल्या वर्गात बसणं धोक्याचं. पण सायकलच्या तारखा साधारण आधीच कळतात ना, मग तेवढ्या दिवसांची लेक्चर रेकॉर्ड करून द्यायची, टेस्ट थोडी पुढे ढकलायची, प्रॅक्टिकलची बॅच बदलून द्यायची. एवढं जमलं तरी टर्म वाचते. डायलिसिसवाल्यांचं पण तसंच, बहुतेकांना आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तासांच्या आसपास, आणि घरी आल्यावर अंगात त्राण नसतं, त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळी सबमिशन मागणाऱ्याने जरा विचार करावा. किडनी बदललेल्यांना नवीन किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात, तेव्हा मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काय करायचं काय नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं. डोक्याला मार लागलेल्यांना प्रोजेक्टरचा उजेड आणि वर्गातला गोंगाट सोसत नाही, त्यांना पूर्ण दिवस लगेच नकोच.

टीबीचं थोडं वेगळं आहे, तिथे आजारापेक्षा वर्गातली कुजबुज जास्त त्रास देते. साध्या टीबीचा कोर्स बहुतेक ६ महिन्यांचा असतो, पण औषध लागू पडायला लागल्यावर संसर्गाचा धोका बराच आधी संपतो, आणि डॉक्टरांनी कॉलेजला जायला हरकत नाही म्हटलं की शेजारच्या बाकावर बसायला काही हरकत नसते. तरी बाक रिकामा राहतो.

मनाच्या आजारातून परतणाऱ्यांबद्दल जास्त लिहीत नाही, कारण त्यांनी तेच सांगितलंय की आमच्याबद्दल कमी बोला. फक्त एवढंच की काही औषधांनी सकाळी गुंगी राहते, तेव्हा पहिल्या लेक्चरला नसलेला प्रत्येक जण आळशी नसतो.

आता केंद्र करतं काय? मुख्य काम म्हणजे या मुलांची वणवण थांबवणं. परत आल्यावर ॲडमिशनचं टेबल वेगळं, हजेरीचं वेगळं, परीक्षा विभाग वेगळा, हॉस्टेल वेगळं, स्कॉलरशिप वेगळी, आणि प्रत्येक ठिकाणी तीच फाईल उघडून तेच सांगायचं, आणि फॉर्मवर 'गॅपचे कारण' ला जागा किती तर एक ओळ. म्हणून आम्ही एका मुलामागे एक माणूस ठरवतो, कागद एकदाच घेतो आणि पुढची पळापळ तो माणूस करतो. शिक्षकांना जे पत्र जातं त्यात आजाराचं नाव नसतं, फक्त काय सवलत लागणार ते असतं, म्हणजे पेपरला जादा वेळ, मध्ये विश्रांती, रायटर (मूल सांगेल ते उत्तर पेपरात लिहून देणारा), तळमजल्यावरचा वर्ग, वगैरे. पहिल्या टर्मला विषय कमी घ्या असं आम्ही बहुतेकांना सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट तपासतो जी कोणाच्या लक्षात येत नाही, विषय कमी केले की कधी कधी स्कॉलरशिप किंवा हॉस्टेलची अट मोडते, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. चांगल्या हेतूने दिलेली सवलत अशी अंगावर येऊ नये म्हणून आधी नियम वाचायचे, मग अर्ज.

तर हवंय काय. त्याच वर्गातली मुलं हवीयत जी नोट्स नियमित देतील, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री फोटो टाकणारी नकोत, आठवड्याच्या आठवड्याला देणारी. रिटायर्ड सर आणि मॅडम हवेत, बुडालेला भाग शांतपणे एकेकट्याला शिकवायला, कारण ही मुलं क्लासच्या स्पीडने नाही पळू शकत, आणि केमोनंतर काहींचं लक्ष पटकन उडतं, वाचलेलं राहत नाही, तेव्हा तेच दोनदा सांगायची तयारी पाहिजे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे स्वतः असं आजारपण काढून डिग्री घेऊन गेले ते तासभर येऊन नुसते बोलले तरी चालेल, काउन्सेलरपेक्षा त्यांचं जास्त ऐकतात असा आमचा अनुभव (काउन्सेलर मॅडमनी पण हे मान्य केलंय). आणि डॉक्टर मंडळींना एक विनंती, सर्टिफिकेटवर नुसतं 'फिट टू जॉइन' लिहू नका हो, सलग किती वेळ बसता येईल, किती जिने चालतील, कुठल्या दिवसांत गर्दी टाळायची एवढं दोन ओळीत लिहिलंत तर आमचं अर्धं काम होतं.

पैसे लागतात ते लेक्चर रेकॉर्ड करायच्या माइकसाठी, विश्रांतीच्या खोलीत दोन बरे पलंग टाकायला (सध्या जोडून ठेवलेली बाकं आहेत, खरंच), बोललेलं टाइप होईल अशा एक-दोन लॅपटॉपसाठी, आणि ज्यांच्या घरची सगळी बचत उपचारात गेलीय त्यांच्या पुन्हा भरायच्या परीक्षा फी आणि येण्याजाण्यासाठी. रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल, वर्षाचा हिशोब केंद्राच्या दारावर लावतो. ज्यांच्यावर खर्च झाला त्यांची नावं मात्र कोणालाच सांगत नाही, देणगीदाराने मागितली तरी नाही, आणि चेक देतानाचा फोटो मुलासोबत काढायचा असेल तर कृपया देणगीच नको. जुनी गाइडं पण नकोत, कपाट भरलंय.

रायटर व्हायचं असेल त्यांनी नाव लवकर द्या. बऱ्याच ठिकाणी त्या विषयाचा विद्यार्थी रायटर म्हणून चालत नाही, परवानगीचे कागद आधी करावे लागतात, आणि टाइमटेबल लागल्यावर शोधाशोध केली की कोणीच मोकळं नसतं. कॉमर्सवाल्यांनी सायन्ससाठी आणि सायन्सवाल्यांनी आर्ट्ससाठी यावं, अक्षर सुवाच्य असलं म्हणजे झालं, आणि पेपर चालू असताना 'हे चुकतंय बहुतेक' असं तोंडावर दिसू द्यायचं नाही. कॉलेजच्या वेळात केंद्रात येऊन रजिस्टरमध्ये नाव लिहा, कोणते दिवस जमेल ते पण लिहा.