ताई, गिटारच्या त्या एका शेपसाठी थँक्यू

ताई,

समोर थँक्यू म्हटलं की तू लगेच विषय बदलतेस, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता वाच गुपचूप.

सेव्हन्थ कॉर्ड्स, म्हणजे चार सुरांच्या कॉर्ड, म्हटलं की जो तो चार्टच पुढे करतो. 12 रूट (कॉर्डचा मूळ सूर), प्रत्येकाचे 5 प्रकार, झाल्या 60 कॉर्ड, करा पाठ! तू चार्ट काढलाच नाहीस. सी मेजर सेव्हन धरायला लावलीस, पाचव्या तारेपासून खाली 3-5-4-5 या फ्रेटवर (दांडीवरची घरं), कडेच्या दोन्ही तारा बंद. मग म्हणालीस तिसऱ्या तारेवरचं बोट एक फ्रेट मागे घे, झाली सी सेव्हन. आता दुसऱ्या तारेवरचं मागे, मायनर सेव्हन. चौथीवरचं मागे, हाफ डिमिनिश्ड. आणि परत तिसरीवरचं अजून एक मागे, फुल डिमिनिश्ड. सेव्हन्थ, थर्ड, फिफ्थ, परत सेव्हन्थ (रूटपासून सातवा, तिसरा, पाचवा सूर), बास एवढा क्रम, आणि बोटं कुठली लावायची ते तुझं तू बघ म्हणालीस, जे तेव्हा जरा जड गेलं खरं.

सहाव्या तारेवरच्या रूटलाही तोच क्रम. जी मेजर सेव्हन म्हणजे सहावीवर 3, पाचवी बंद, मग 4-4-3. ही पाचवी तार बंद कशी करायची हे कोणी नीट सांगतच नाही राव, चार्टवर नुसती फुली असते. सहावी दाबणाऱ्या बोटाचं टोक पाचवीला हलकं टेकवून ठेव, हे तू सांगितलंस आणि खालचा सगळा गढूळ आवाज गेला.

पण खरी मजा टू फाइव्ह वनला, म्हणजे स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्ड ओळीने वाजवताना आली. डी मायनर सेव्हन पाचव्या तारेवर 5व्या फ्रेटला, जी सेव्हन सहावीवर 3ऱ्या फ्रेटला, मग सी मेजर सेव्हन. तू म्हणालीस बाकी सोड, फक्त तिसऱ्या तारेकडे बघ. 5, 4, 4. सी चा बी झाला आणि पुढच्या कॉर्डला तो बी तिथेच बसून राहिला! रूट कुठून कुठे उड्या मारतोय आणि आतला सूर जेमतेम एक फ्रेट हलतोय, त्या दिवसापासून मी कॉर्ड बदलताना आतल्या तारा ऐकतो.

आणि हो, फुल डिमिनिश्ड. 3 फ्रेट पुढे सरकवली की तेच 4 सूर, म्हणजे सगळ्या मिळून खऱ्या वेगळ्या फक्त 3. दिसायला सगळ्यात अवघड आणि कामाला सगळ्यात स्वस्त, असं माझं मत झालंय.

चौथ्या तारेवर रूट असलेले शेप तू शिकवले नव्हतेस, ते तुझ्याच क्रमाने काढलेत. एफ मेजर सेव्हन 3-5-5-5, मग 3-5-4-5, 3-5-4-4, 3-4-4-4, 3-4-3-4. बरोबर आहेत ना बघ, आणि असतील तर आता इन्व्हर्जन्स (रूटऐवजी दुसरा सूर सगळ्यात खाली) दाखव.