क्रोपोटकिन घडला सैबेरियात

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील रशियन विचारवंत पीटर क्रोपोटकिनवरील लेख वाचला. तुरुंगवासाने त्याला अराजकतावादी, म्हणजे शासनसंस्थाच नको म्हणणारा, केले, हा त्यातील निष्कर्ष पटला नाही. तो सेंट पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल किल्ल्यातील तुरुंगात गेला १८७४ मध्ये. त्याआधीच, १८७२ साली, स्वित्झर्लंडमधील ज्युरा डोंगरातल्या घड्याळ-कारागिरांचा आठवडाभर सहवास घडल्यावर आपले मत पक्के झाले होते, असे तो आत्मचरित्रात सांगतो.

पण खरी मशागत सैबेरियात झाली. लेखात तिला एक ओळ मिळाली आहे!

जन्म सरदार घराण्यातला, वडिलांच्या पदरी सुमारे १२०० भूदास, म्हणजे जमिनीला बांधलेली वेठबिगार कुळे. घरातल्या मकार नावाच्या नोकराला फटके बसले, तेव्हा लहानगा पीटर रडत त्याचा हात चुंबायला धावला होता. हळव्या मनाचा पुरावा म्हणून हा प्रसंग नेहमी सांगतात. मात्र कळवळ्यातून फार तर सुधारक निपजतो. शासनसंस्थाच नको, इथवर तेवढ्याने कोणी पोचत नाही.

१८६२ मध्ये झारच्या दरबारातली चमकदार वाट सोडून तो पूर्व सैबेरियातील आमूर नदीकडच्या कोसॅक घोडेस्वारांच्या पलटणीत गेला, तो सरकारवर विश्वास ठेवूनच. तुरुंग आणि हद्दपारीच्या पद्धतीत सुधारणा करण्याच्या योजनांवर त्याने मनापासून काम केले. राजधानीत वारे फिरले आणि ते सारे कागद बासनात गेले. (कचेरीत उमेदीने टिपणे लिहिलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल.) उलट, आमूरकाठी दुखोबोर या रशियन ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आपसांत मिळून उभारलेल्या वसाहती त्याला चांगल्या चाललेल्या दिसल्या. दूरच्या मोहिमांत हाताखालच्या माणसांना दरडावून काम होत नाही, विचारविनिमयाने होते, हेही उमगले. १८६६ मध्ये बैकल सरोवराजवळ पोलिश हद्दपारांचा उठाव चिरडला गेला. त्यानंतर त्याने आणि त्याच्या भावाने लष्कर सोडले. सरकारी शिस्तीवरचा विश्वास आपण सैबेरियात गमावला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

कैदेतून १८७६ मध्ये केलेल्या पलायनावर लेखकाने अर्धा रकाना खर्च केला. प्रसंग थरारक खराच. पण त्यातून माणसाचे धाडस कळते, विचार नव्हे. त्यातला थोडा मजकूर कमी करून एवढे तरी सांगायला हवे होते की, परस्पर साहाय्यावरील त्याच्या १९०२ च्या ग्रंथाची सुरुवातच पूर्व सैबेरिया आणि उत्तर मांचुरियात तरुणपणी पाहिलेल्या प्राणिजीवनाने होते. एकाच जातीच्या प्राण्यांमधली जीवघेणी झुंज त्याने तिथे उत्सुकतेने शोधली होती. ती त्याला आढळली नाही.

आपला,
एक वाचक