बाबा, सगळंच पित्त नसतं

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा म्हणतात, "ठणठणीत आहे, विषय संपला," आणि मागून आईचा आवाज येतो, "कसलं ठणठणीत, अजून मऊ भातच चाललाय." म्हणून लिहूनच पाठवतेय. वाचून झालं की फ्रीजवर चिकटवा.

बाबा, हरिपूरच्या वास्तुशांतीला तुम्ही दुपारी जेवलात आणि दिवेलागणीच्या आत उलट्या सुरू झाल्या. तुम्ही ठरवलं, पित्त. सोडा घेतलात, आलेपाक चघळलात आणि रात्रभर तसेच पडून राहिलात. आईचा संशय सकाळच्या भडंगावर. बिचारं भडंग! कोरड्या पदार्थात जंतू सहसा वाढत नाहीत. माझा संशय बासुंदीवर. पहाटे आटवलेली, दुपारपर्यंत मांडवात नुसती झाकून ठेवलेली आणि ढवळताना कितीजणांचे हात लागलेली. हातावरचे, नाकातले काही जंतू अशा दुधात विष तयार करतात आणि ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. "नासली असती तर वास आला असता की," असं तुम्ही म्हणालात, पण वासाचा आणि चवीचा इथे काही भरवसा नाही.

खरी खूण घड्याळात असते. असं तयार विष पोटात गेलं तर अर्ध्या तासापासून आठेक तासांत उलट्या येतात, ताप सहसा नसतो आणि दिवसभरात ओसरतं. साल्मोनेलासारखे जंतू मात्र सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही डोकं वर काढतात. त्यात ताप, मुरडा आणि जुलाब. म्हणजे दर वेळी शेवटच्या घासालाच दोष देण्यात अर्थ नाही. पंगतीतल्या आणखी कुणाला त्रास झाला का, हे विचारायला तुम्हाला संकोच वाटला, यजमानांना वाईट वाटेल म्हणून. पण डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

मला भीती उलट्यांची नाही, अंगातलं पाणी कमी होण्याची आहे. वय वाढलं की तहान नीट लागत नाही. त्यामुळे "तहानच नाही लागली" हे कारण मी ऐकणार नाही. लघवी गडद, थोडी किंवा बराच वेळ न होणं, जीभ कोरडी पडणं, उठताना भोवळ, असंबद्ध बोलणं, यातलं काही दिसलं की दवाखाना. शौचातून रक्त, १०२च्या वर ताप, पाण्याचा घोटही न टिकणं किंवा जुलाब तीन दिवसांपुढे गेले तरी तेच. नजर अंधूक होणं, एकाचे दोन दिसणं हे क्वचितच होतं, पण झालं तर एक मिनिटही थांबायचं नाही. रक्त किंवा ताप असताना जुलाब बंद करायची गोळी मनाने घ्यायची नाही. बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे आणि आईची साखरेची गोळी आहेच. अशा दिवशी त्या घ्यायच्या की थांबवायच्या, ते डॉक्टरांना फोन करून विचारा. दोन्ही बाबतींत स्वतः निर्णय नको.

आता सलाईन. बाबांना वाटतं, बाटली लावल्याशिवाय माणूस बरा होत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो माणसं वाचवली. तसंच मीठ-साखरेचं पाणी म्हणजे ओआरएस. त्याचं पाकीट (जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं छापलेलं बघून घ्या) पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळायचं, घोट घोट प्यायचं आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. आई, तुला मधुमेह आहे म्हणून साखर गाळू नकोस. त्या साखरेच्या जोडीनेच आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं. मशीनवर साखर तपासत राहा म्हणजे झालं.

एक गोष्ट मात्र ओआरएसच्या पलीकडची. जुलाब नाहीत, पण मळमळ, दरदरून घाम, छातीत दडपण, जबडा किंवा हात दुखणं असेल तर ते पित्तही नाही आणि बासुंदीही नाही, हृदयविकाराचा झटका असू शकतो. लगेच १०८ला फोन करा. मिरजेत इतके दवाखाने जवळ असताना सकाळची वाट बघत बसायचं नाही. मधुमेह असलेल्यांना कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसती मळमळ आणि थकवा येतो. आई, हे तुझ्यासाठी.

आणि तो रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला भात! शिजवूनही न मरणारे जंतू त्यात वाढतात आणि सकाळच्या फोडणीने त्यांचं विष जात नाही. फोडणीच्या भातावर माझंही प्रेम आहे, तो बंद कर असं मी म्हणत नाही. भात पसरट भांड्यात काढून लवकर निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तासाभरातच.

दादा शनिवारी येतोय, त्याच्याबरोबर ओआरएसची पाकिटं आणि मशीनच्या पट्ट्या पाठवतेय. औषधांच्या डब्यात वरच ठेवा, कपाटात कुलपात नकोत. बाबा, पुढचं आमंत्रण कृष्णाकाठच्या मामांकडचं आहे म्हणे. तिथे भाकरी आणि गरम आमटी दोन वेळा घ्या, गोडाचं मी बघते.

तुमची,
मनू