मरिनर्सचा यंदाचा हंगाम

रेडमंड, २२ फेब्रुवारी २०२६

ती. आई-बाबांस सा. न.

२६ मार्चला मरिनर्सचा, म्हणजे आमच्या सिअ‍ॅटलच्या बेसबॉल संघाचा, पहिला सामना आहे, घरच्या टी-मोबाइल पार्कवर, क्लीव्हलंड गार्डियन्सशी. नाशिकला तेव्हा २७ ची सकाळ असेल. ८ मार्चला इथली घड्याळं तासभर पुढे जातात, त्यानंतर आपल्यात साडेबारा तासांचं अंतर राहील. सिअ‍ॅटलचे रात्रीचे सामने बहुधा ६:४० ला सुरू होतात, म्हणजे तुमच्याकडे सकाळी ७:१०. दहाच्या सुमारास मोकळे व्हाल. न्यूयॉर्क-बोस्टनकडचे सामने मात्र पहाटे साडेचारच्या आसपास लागतात. त्यांच्यासाठी झोपमोड करू नका, हंगामात १६२ सामने आहेत. सामना चुकला तर एमएलबीच्या (इथल्या मुख्य बेसबॉल लीगच्या) अ‍ॅपवर ‘गेमडे’ उघडा, एकेक चेंडू लिहिलेला सापडेल.

गेल्या वर्षी ९० सामने जिंकून संघाने २००१ नंतर पहिल्यांदा आपला विभाग जिंकला. टोरोंटोत उपांत्य मालिकेच्या सातव्या सामन्यात ३-१ अशी आघाडी होती आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, फक्त आठ आऊट दूर होती. तिथे टोरोंटोच्या स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा) मारला आणि सगळं संपलं. आजवर एकदाही वर्ल्ड सिरीज न खेळलेला हा एकमेव संघ आहे, म्हणून यंदा सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय.

बाबा, तुम्ही फोनवर कॅल रॅलीच्या ६० होम रनचा हिशोब मांडत होतात. तो यंदा धरू नका. त्याच्याआधी कुठल्याही कॅचरने (म्हणजे यष्टिरक्षकासारख्या खेळाडूने) एका हंगामात ४८ च्या वर मजल मारली नव्हती. प्रत्येक सामन्यात शे-सव्वाशे चेंडू उकिडवं बसून झेलायचे आणि वर फलंदाजी करायची, असे १२० च्या आसपास सामने तो खेळला, शिवाय बाकीचे नुसता फलंदाज म्हणून, एकूण १५९. मार्चमध्ये अमेरिकेकडून वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही देशांची स्पर्धाही खेळणार आहे. चाळीसच्या आसपास मारले तरी मी खूश असेन. आठवड्यातून एक-दोनदा त्याला नुसता फलंदाज म्हणून उतरवलं तर वैतागू नका, ते शहाणपणाचंच आहे.

माझ्या मते हंगाम ठरणार तो पाच पिचरांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, खांद्या-कोपरांवर. गिल्बर्ट, कर्बी, वू, कास्तियो आणि मिलर. प्रत्येकाची पाळी पाच-सहा दिवसांनी येते, वर्षाला साधारण ३२ वेळा. पाळीच्या पिचरने सामन्यातल्या नऊपैकी सहा इनिंग (डाव) टाकल्या तर मागच्या राखीव पिचरांना तीनच टाकाव्या लागतात. तो चौथ्या इनिंगला बाहेर गेला की तिघे-चौघे वापरले जातात, दुसऱ्या दिवशी ते थकलेले असतात, आणि हे महिनाभर चाललं की ऑगस्टमध्ये हातचे सामने निसटायला लागतात. गेल्या वर्षी नेमकं हेच झालं. कर्बीचा खांदा, गिल्बर्ट आणि मिलरचं कोपर दुखावलं. कास्तियो आणि वू टिकले, वूने तर आपल्या पहिल्या २५ सामन्यांत प्रत्येक वेळी किमान सहा इनिंग टाकल्या. सप्टेंबरात वूच्याही छातीचा स्नायू दुखावला.

म्हणून स्कोअर बघण्याआधी दोन आकडे बघत जा. पहिला, पिचरने किती चेंडू टाकले. पाच इनिंगमध्ये ७५ असतील तर झकास, ९५ असतील तर त्याचा दिवस संपला. दुसरा, फास्टबॉलचा वेग. नेहमीपेक्षा ताशी दीड-दोन मैलांनी कमी आणि चेंडू सारखे वर राहतायत, असं लागोपाठ दोन सामन्यांत दिसलं तर दुखापत जवळ आली समजा. एप्रिलच्या थंडीत सगळ्यांचाच वेग थोडा उतरतो, तेवढी सूट द्या. त्या थंड हवेत इथे चेंडूही लांब जात नाही, तेव्हा २-१, ३-२ असे सामने पाहायची तयारी ठेवा.

फलंदाजीत पोलान्को आणि स्वारेझ गेले, म्हणजे होम रन घटणार. बदल्यात सेंट लुईसकडून डोनोव्हन आलाय. ताकद कमी, पण तो सहजी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) होत नाही, आणि या संघाला त्याचीच वानवा होती. हुलिओ रॉड्रिगेझ एप्रिल-मेमध्ये थंडच असतो, त्याला जूनपर्यंत बोल लावू नका.

नवा नियम नीट वाचून ठेवा. पंचाचा बॉल-स्ट्राइकचा, म्हणजे न मारलेला चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला की नाही याचा, निर्णय आता आव्हान देऊन यंत्राकडून तपासून घेता येईल. प्रत्येक संघाला दोन संधी, आव्हान बरोबर निघालं तर संधी शाबूत. मागायचा हक्क फक्त फलंदाज, पिचर आणि कॅचरला, तोही लगेच, टोपीवर किंवा हेल्मेटवर हात आपटून. डगआउटमधून (संघाच्या बाकावरून) खूण चालत नाही. पिचरला स्वतःचा प्रत्येक चेंडू स्ट्राइकच वाटतो, त्याच्या हातून संधी वाया जाण्याची भीती जास्त. ते काम रॅलीवर सोपवणं बरं.

आई, तुझा लाडका नेलर पाच वर्षांसाठी राहिलाय. पायाने जड, तरी गेल्या वर्षी ३० बेस चोरले, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसवर पळाला. तो पहिल्या बेसवर असला की कॅमेरा पिचरवर असतानाही त्याच्याकडे लक्ष ठेव. पिचरची टाच हलताच तो सुटतो.

पहिल्या सामन्याची लिंक बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आदल्या रात्री पाठवते. टीव्हीला जोडायची केबल कपाटाच्या खालच्या खणात आहे, ती तेवढी काढून ठेवा.

तुमची,
मुग्धा