शिबिरात न विचारलेले प्रश्न

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

छत्तीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर डोंबिवलीत आमच्या भागात ज्येष्ठांचं आरोग्य शिबिर भरलं की मी बीपी बघायला बसते. दिवाळीनंतरच्या शिबिराला आमच्याच इमारतीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना हाताला धरून खाली आणलं. बीपी १३०/८०, शुगर ठीक. कार्डावर ‘नॉर्मल’ मीच लिहिलं. परत वर चढताना दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो, तेव्हा काकू म्हणाल्या, “गणपतीनंतर आज उतरले गं खाली.”

काकू एकट्या राहत नाहीत. मुलगा-सून सातच्या लोकलने जातात, रात्री नऊला दमून येतात. त्यांना मी दोष देणार नाही, माझ्याही ड्युट्या तशाच होत्या. नातू हॉस्टेलला गेला. भाजी ॲपवरून येते, त्यामुळे भाजीवालीशी घासाघीस संपली. साऱ्या इमारतीच्या साड्यांना फॉल-बिडिंग काकूच करायच्या, आता नजर साथ देत नाही. बेल वाजते ती पार्सलची.

असं माणसांतून तुटत जाण्याला वैद्यकात ‘सोशल फ्रेल्टी’ म्हणतात. जपानी संशोधकांनी २०१५मध्ये ती ओळखायला पाच साधे प्रश्न वापरले. गेल्या वर्षीपेक्षा बाहेर जाणं कमी झालं का? मित्रमैत्रिणींकडे जाता का? घरच्यांच्या, मित्रांच्या उपयोगी पडतो असं वाटतं का? एकटे राहता का? रोज कुणाशी तरी बोलता का? यातल्या दोन गोष्टी बिघडल्या तरी माणूस त्यात मोडतो. काकूंच्या तीन तर नक्की बिघडल्यात. आपण मात्र ‘एकटे राहता का’ एवढंच विचारून मोकळे होतो. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या २०१७-१८च्या ‘लासी’ या वृद्धत्वाविषयीच्या देशव्यापी पाहणीत साठीपुढचे सुमारे सहा टक्केच एकटे राहताना आढळले. काकू त्या सहा टक्क्यांत येत नाहीत.

पुढच्या शिबिरात बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता मी हे प्रश्न विचारायला लागले. एक निवृत्त मोटरमन ‘उपयोगी पडता का’ ऐकून बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सिस्टर, पुढचं विचारा.” इतक्या वर्षांत पेशंटला सुई टोचतानाही माझा हात असा अडखळला नव्हता.

आशाताई तिशीपुढच्यांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली, भरतात. त्यात साठीपुढच्यांना तोल जातो का, नावं विसरता का, रोजच्या कामात मदत लागते का, असं विचारलेलं असतं. ‘रोज कुणाशी बोलता का?’ ही ओळ त्याच पानावर मावेल. आणि उत्तर ‘नाही’ आलं, तर ते नाव जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाला कळवावं, म्हणजे कुणीतरी जिना चढून जाईल. गुरुवारी चार वाजता आम्ही दोघी शेजारणी काकूंना खाली बाकावर आणतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, वेळ लागतो, पण जमतं.

आमच्या भागातलं पुढचं शिबिर महिन्याभरात आहे. त्याची कार्डं छापायला जाण्याआधी हे पत्र आपल्या अंकात आलं, तर आयोजकांना दाखवता येईल.

– एक निवृत्त परिचारिका, डोंबिवली (पूर्व)